मयताचा फोटू

पिराजी गडहिंग्लजच्या बाजारातला फोटोवाला. लग्न, बारसं, पासपोर्ट, सगळंच काढायचा. पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते मयताच्या फोटोसाठी. कुणी गेलं की पाव्हण्यारावळ्यांच्या पाठोपाठ पिराजीला फोन. त्याची रीत ठरलेली. आंघोळ घातली का, डोळं मिटलं का, हे तो उंबऱ्याबाहेरनंच विचारायचा. घरातल्या कर्त्या माणसानं मान हलवली तरच पायताण काढून आत. एकच फोटो, दुसरा नाही. मग घरी येऊन कॅमेरा पुसायचा, डोक्यावरनं पाणी घ्यायचा, आणि तवर तोंडात घोटभर पाणीसुद्धा घेत नसे.

मोबाईल आला आणि सगळंच बोंबललं. आज्जा शेवटची घरघर लावतोय तवर नातवाचं स्टेटस पडायला लागलं. पिराजीला त्याची शिसारी यायची. पण शिसारीवर दुकान चालत नाही. माशा मारत बसायची पाळी आली.

अशात विजयसिंहाचा निरोप आला. शेजारच्याच गावचा गडी, शिरोली एमआयडीसीत फौंड्री काढून गबर झालेला. दोस्तांना घेऊन इजिप्तला निघाला होता आणि संगट फोटोवाला पाहिजे होता.

"पिराजी, चल. पिरॅमिड, राजं, राण्या सगळी माझ्या मागं दिसली पायजेत. मी फुडं. झकास काढलंस तर राजनंदिनीचं लगीन तुझं."

राजनंदिनी म्हणजे त्याची एकुलती एक पोरगी. तिच्या लग्नाच्या फोटोंचं काम हाताला लागलं तर दुकान तरत होतं, नाहीतर शटर ओढायचं होतं. पिराजीनं स्वतःचाच पासपोर्टचा फोटो काढला आणि निघाला.

तिथं पोचल्या पोचल्या त्याचं मन विटलं. हजारो वर्षांचं दगडकाम, आणि बुडाला मुताचा वास. उंटाच्या का माणसाच्या, तेवढं कळत नव्हतं. जगभरातनं आलेली माणसं त्या दगडांकडं पाठ करून उभी. कोण पिरॅमिडचं टोक चिमटीत धरतंय, कोण त्याचा मुका घेतंय. विजयसिंहाच्या दोस्तांनी एका थडग्यावर बैठक मारून भडंगाची पिशवी फोडली, कांदा चिरला, आणि खाऊन झाल्यावर पिशवी तिथंच भिरकावली. पिराजी बटन दाबत राहिला. डोळ्यांपुढं लग्नाचा मांडव होता.

मग एका लहान गावातल्या संग्रहालयात गेले. काचेच्या पेटीत एक राजा निजवलेला. वाळून कोळसा झालेला, ओठ मागं सरलेले, दात उघडे. हाताची नखं मात्र शाबूत. भिंतीवर कॅमेऱ्यावर फुली मारलेली पाटी, आणि पाटीखाली मोबाईलची जत्रा. एक बाई जीभ बाहेर काढून राजासंगं फोटो घेत होती.

पिराजीनं पायताण काढलं.

"पायताण कशाला काढतोस? देऊळ हाय व्हय हे?" विजयसिंह हसला. रखवालदाराच्या मुठीत त्यानं नोट कोंबली आणि काचेला रेलून दोन बोटं वर करून उभा राहिला. "हाण! ह्योच फ्लेक्सवर घालायचा. चौकात."

"मालक, मयत हाय ते."

"राजा हाय, लेका!"

"राजाबी मेल्यावर मढंच की. त्येच्या घरातलं कोण हाय हितं? कुणाला इचारू?"

"त्येलाच इचार की!" दोस्त खदाखदा हसले.

विजयसिंहाचा आवाज खाली आला. "लगीन पायजे का नको तुला?"

पिराजीनं कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगात दोन तोंडं शेजारी शेजारी, दोन्हींचे दात उघडे. त्यातलं मेलेलंच बरं दिसत होतं. त्यानं भिंगाला टोपण घातलं.

"माझ्यानं न्हाय व्हायचं."

"मग मर तिकडं." विजयसिंहानं दोस्ताच्या हातात मोबाईल दिला.

तिथनं सगळी तडक जेवायला. हातसुद्धा न धुता मटणाच्या हाडांवर तुटून पडली. पिराजी बाहेर उपाशी बसला. मुक्कामाच्या हॉटेलात जाऊन डोक्यावर पाणी ओतलं, तेव्हा कुठं घोटभर प्याला.

गावात फ्लेक्स लागला. 'परदेश दौरा यशस्वी केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' रेड्याएवढा विजयसिंह, शेजारी मढं, आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकीच मुंडकी.

विजयसिंहाची म्हातारी आई बयाबाई देवळातनं येताना चौकात थांबली. कपाळावर हात धरून वर बघितलं.

"ह्यो कोण निजलाय गा?"

"मेलेला राजा हाय, आज्जी," चौकातलं एक पोरगं म्हणालं.

म्हातारी थुंकली. घरी येऊन लेकाला म्हणाली, "आंगोळ तरी केलीस का रं?"

"आई, तसलं काय नसतंय त्ये."

"कुणाचा तरी बा असंल की त्यो. त्येच्याम्होरं दात इचकून हुबा ऱ्हायलाईस. पिराजीनं काढला व्हय?"

"त्यो ठोंब्या न्हाय म्हणाला. म्हणून लगीन काढून घेतलं त्येच्याकडनं."

म्हातारी उठून आंघोळीला गेली.

लगीन कोल्हापूरच्या ड्रोनवाल्यांनी केलं. पिराजीनं निम्मं दुकान झेरॉक्सवाल्याला भाड्यानं दिलं.

पुढं उन्हाळ्यात बयाबाई गेली. फोन विजयसिंहाचाच. आवाज बसलेला. "आईनं सांगून ठेवलंय. तिचा फोटू तूच काढायचा. दुसऱ्या कुणी न्हाय."

पिराजी गेला. उंबऱ्याबाहेरनं विचारलं, "आंगोळ घातली?"

आत नातवंडं, पाव्हणी, फौंड्रीची माणसं. सगळ्यांचे मोबाईल वर. विजयसिंहसुद्धा रडत रडत आईचं तोंड टिपत होता.

"ते खिशात घाला. मगच आत येतो."

"आमचीच म्हातारी हाय की!" कोण तरी गुरकावला.

"मग काढा तुमीच. मी चाललो."

विजयसिंहानं मोबाईल खाली घेतला. सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि मान हलवली. एकेक मोबाईल खिशात गेला. पिराजीनं पायताण काढलं, आत गेला. एकच फोटो काढला.

बाहेर येऊन पायताणात पाय घालतोय, तवर मागं मोबाईलचे कचाकच आवाज पुन्हा सुरू झाले. त्यानं वळून बघितलं नाही. वाटेकडंला थुंकला आणि घरचा रस्ता धरला. आज आंघोळ दोनदा करावी लागणार होती.