टोमॅटोवाल्यांचा उजेड

इकडे परदेशात, उइटहॉर्नला राहायला आल्यापासून माझा आकाशावर विश्वास राहिलेला नाही. इथलं आकाश रात्री गुलाबी दिसतं, जांभळं दिसतं, कधीकधी चक्क केशरी दिसतं, आणि त्यातलं काहीच आकाशाचं स्वतःचं नसतं.

दोन वर्षांपूर्वी बाल्कनीतून असंच गुलाबी आकाश टिपलं आणि उत्साहाच्या भरात मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: ‘घरबसल्या नॉर्दर्न लाइट्स!’ अभिनंदनाचा नुसता पाऊस. पुण्यात बहिणीनं स्टेटसला लावलं. मग जवळच्याच डीमन गावच्या एका काकांनी शांतपणे लिहिलं, “वहिनी, हे टोमॅटोच्या काचघरांचे दिवे. ढगांवर पडलेत.” हात दाखवून अवलक्षण! आणि मी कोण, तर फोटोग्राफर. मंडळातली निम्मी बारशी आणि डोहाळजेवणं माझ्याच कॅमेऱ्यात आहेत.

कानाला खडा लावला आणि अभ्यास केला. रोपं वाढावीत म्हणून रात्री लावलेला काचघरांचा उजेड जागचा हलत नाही. रोज त्याच दिशेला, क्षितिजाशी गडद आणि वर फिका. खरे नॉर्दर्न लाइट्स सरकतात, त्यांना उभ्या रेघा असतात, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या आरपार चांदण्या दिसतात. ढगावर पडलेल्या उजेडातून कुठल्या चांदण्या दिसणार?

मग मी ग्रुपची फौजदारच झाले. कुणीही फोटो टाकला की मोठा करून बघायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा, “टोमॅटो.” मजा यायची, खोटं कशाला बोलू? पण मला स्वतःला एक खरा फोटो हवा होता, अगदी जिवापाड. त्यासाठी कडाक्याच्या थंडीत बांधावर कॅमेऱ्याची तिवई लावून किती वेळा रिकाम्या हातानं परतले! नॉर्दर्न लाइट्सचा अंदाज देणाऱ्या अ‍ॅपचे इशारे तर इतक्यांदा फसवे निघाले, की शेवटी बंदच करून टाकले.

यंदा दिवाळीनंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. नवरा कामासाठी परगावी होता, घरात आम्ही दोघीच. एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि त्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे काढत होत्या.

“अगं, इकडे ये जरा. आकाश लाल झालंय.”

“कुठल्या बाजूला?”

“त्या सायकलींच्या शेडवर.”

मी लाटणं हातात घेऊन दारापर्यंत गेले. स्वयंपाकघरातला दिवा चालूच होता, त्यामुळे काचेत मला अर्धी मीच दिसले. बाहेर काहीतरी लालसर होतं खरं.

“टोमॅटोवाले आहेत, आई. रोजचंच आहे. आत या, थंडी बाधेल.”

“रोज असं नसतं गं.”

“आई, माझा धंदा आहे हा!” मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले. जेवणं झाली, मी खोलीत जाऊन दार लोटलं आणि बहिणीला फोन लावला.

सकाळी ग्रुपवर लाल-हिरव्या फोटोंचा खच पडलेला. माझा पहिला विचार काय, तर सगळ्यांनी रंग वाढवलेत. एकाला तर मी ‘टोमॅटो’ लिहून मोकळीही झाले. मग चहा घेताना सासूबाईंनी त्यांचा फोन माझ्यापुढे सरकवला.

“बघ बरं, हा कसा आलाय.”

आमचीच बाल्कनी. मेथीच्या कुंडीला फोन टेकवून काढलेला, जरासा तिरका. शेडवर लाल पडदा, त्याच्या उभ्या रेघा थेट वरपर्यंत गेलेल्या. मी सवयीनं मोठा करून पाहिला. लाल रंगाच्या आरपार चांदण्या होत्या, एक-दोन नाही, भरपूर. पुढच्या फोटोत तो पडदा डावीकडे सरकलेला.

“किती वेळ होतं हे?”

“तासभर तरी असेल. शाल घेऊन उभी होते.”

“आणि मला हाक नाही मारलीत? आई, दोन वर्षं मी यासाठी…” मला रडूच आलं. अगदी लहान मुलीसारखी त्यांच्यावर चिडले मी.

“पहिल्यांदा मारली होती की,” त्या म्हणाल्या. “नंतर हिरवं दिसायला लागलं तेव्हा तुझ्या दारापर्यंत आलेही. तू आत बहिणीला सांगत होतीस, आमच्या म्हातारीला ट्यूबलाइटमध्येसुद्धा चमत्कार दिसतो.”

मी तसं म्हटलं होतं. वर हसलेही होते.

“मला वाटलं, तुम्ही झोपलात. आई, चुकलं माझं.”

“असू दे,” म्हणत त्यांनी कप उचलले आणि सिंककडे गेल्या. नळ सोडण्याआधी, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, “पण मी विसरले-बिसरले असं समजू नकोस हं. मुद्दामच नाही बोलावलं तुला.”