आत्याची मशेरी आणि अप्पांचा चिरूट

“वन्संनीच भाजला असेल तुमचा चिरूट तव्यावर. या घरात दुसरं कोण तंबाखूला हात लावतंय?”

आई माजघरात अप्पांना सांगत होती. मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. पान उलटायचं राहूनच गेलं.

अप्पांना एका मित्राने हवाना चिरुटांची पेटी दिली होती. रविवारी जेवणानंतर दोघे पडवीत बसून एकेक ओढत आणि एखाद्या गाण्याबद्दल बोलावं तसं त्यावर बोलत. पेटीतलं इंग्रजी पत्रक अप्पांनी माझ्याकडून वाचून घेतलं होतं. धूर गिळू नये, तोंडात घोळवावा. राख झटकू नये. चिरूट उत्तम असेल तर ती आपणहून टिकते. मी मुंबईच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आलेली, पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारी. पण खरंच तसं असतं का, हे मला बघायचं होतं.

मंगळवारी दुपारी सगळे निजल्यावर आगरात, विहिरीमागे बसून मी ते बघितलं. पहिल्या झुरक्याला ठसका लागला. मग धूर तोंडातच धरला. बंद कपाट उघडल्यासारखा वास, मागाहून भाजलेल्या काजूची चव. मला आवडला, हे कबूल करायला हवं. थोटूक माडाच्या आळ्यात पुरलं.

संध्याकाळी आत्याने हाक मारली. “केस धू गो आधी.” तिने स्वतः शिकेकाई लावून दिली. का, ते तिने सांगितलं नाही.

आत्या अप्पांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडे असे. तंबाखू भाजून मशेरी करायची आणि सकाळी दातांना लावायची, एवढाच तिचा शौक. आळ आला तेव्हा “दादा, मी नाही घेतला” एवढंच ती बोलली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मशेरीचा डबा मात्र उकिरड्यावर रिकामा केला. मी चार दिवस तिच्या पंगतीला बसून जेवले.

रविवारी मित्र आले. अप्पा हसत म्हणाले, “आमच्याकडे हवानाची मशेरी होते, ठाऊक आहे का?” मित्र खो खो हसले. मी आत गेले तर आत्या गाठोडं बांधत होती. पूर्णगडला दिराकडे निघाली होती. तिथे ती कुणालाच नको होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मी पडवीत गेले.

“काय गो?” अप्पांनी विचारलं.

“राख दोन बोटं टिकते,” मी म्हटलं. “पण निम्म्यानंतर कडू होतो. ते पत्रकात लिहिलेलं नाही. अप्पा, तो मी ओढला. आत्याला जाऊ देऊ नका.”