लागला, गड्या

तो हात वर करायचा, क्षणभर डोळे मिटायचा, मग हसून म्हणायचा, "लागला, गड्या." आणि कुणी काही बोलायच्या आत रेघेबाहेर जाऊन उकिडवा बसायचा.

हुतुतू तुम्ही पाहिला असेल, कदाचित खेळलाही असाल. समोरच्या गड्याचा हात लागला की आपण बाद. पण लागला की नाही हे ठरवायचं कुणी? आमच्या गावात, माल्यात, पंच नव्हता. भात कापून खाचरं मोकळी झाली की आम्ही राखेनं रेघा मारायचो आणि खेळायला उभे राहायचो. ज्याला हात लागला त्यानं आपण होऊन सांगायचं, ही रीत. ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं. बाकीचेही हात वर करत, पण जरा उशिरा. "सदऱ्याला लागला, अंगाला न्हाई" असं थोडं भांडून झाल्यावर. ह्याचा हात मात्र आधी वर जायचा. पुष्कळदा शिवणाऱ्याला स्वतःलाच कळलेलं नसायचं की आपण शिवलो.

एकदा तो असाच बाहेर जाऊन बसला. डाव संपल्यावर लक्षात आलं, त्याला कुणी शिवलंच नव्हतं. त्याच्याच धोतराचा सुटलेला सोगा पोटरीला लागला होता. सगळे हसून लोळले. "अरं मग ये की आत!" तर म्हणतो, "आता बसलोय तर बसतो. पुढल्या डावाला येतो."

त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर गावात कुणीतरी ते त्याला वाचून दाखवील आणि तो नुसता ऐकून घेईल. ते मला सोसायचं नाही.

माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. शाळा चौथीत सुटलेली. घर वरच्या वाडीला. रोज सकाळी कावडीला दुधाच्या किटल्या अडकवून तो डोंगर उतरायचा, माल्यावरून पौडला जायचा. आणि जाताना सबंध वाट "हुतुतू हुतुतू" चाललेलं. एका दमात वाडीपासून ओढ्यापर्यंत, दुसऱ्या दमात ओढ्यापासून आंब्यापर्यंत. बाया पाणी भरताना म्हणायच्या, "आलं बघा इंजन." त्याचा दम कसा इतका टिकतो म्हणून मी एकदा विचारलं, तर तो लाजला. "म्हशीला हाका मारून मारून आसंल, मास्तर."

मास्तर म्हणजे मी. मी कुठला मास्तर! आमच्या घरातला पहिला कॉलेजात गेलेला मुलगा, एवढंच. पण मी पुण्याला गेलो त्या वर्षापासून तो मला अहोजाहो करू लागला. मला संकोच वाटायचा आणि बरंही वाटायचं. खरं सांगायचं तर बरं वाटायचं तेच जास्त.

दोन वर्षांत त्याचं नाव झालं. आधी गावच्या जत्रेत फेटा मिळाला. मग पौडच्या सामन्यांत लोक त्याची चढाई बघायला झाडावर चढून बसू लागले. चढाई म्हणजे एकट्यानं दम धरून समोरच्यांच्या अंगणात शिरायचं आणि शिवून परत यायचं. तो शिरायचा तो कुणाच्या घरी ताक मागायला गेल्यासारखा, अदबीनं. आणि परत यायचा तेव्हा दोघंतिघं बाद झालेले असत.

मग बातमी आली की जिल्ह्याचा संघ निवडायचा आहे. आमच्या भागातून एकच गडी घेणार. पौडला सामने होतील, पुण्याहून पंच आणि निवडणारे येतील. निवड झालेल्याला पुण्यातल्या एका कारखान्याच्या संघात खेळायला मिळेल, म्हणजे नोकरीसुद्धा. तो हे ऐकून दोन दिवस नुसता हसत हिंडला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "मास्तर, तितं लाल माती चाळून टाकत्यात म्हनं. पायाला धसकाट लागत न्हाई. एकदा तरी खेळायचंय बगा तसल्या मातीत."

दोघांचं नाव घेतलं जात होतं. एक हा आणि दुसरा पलीकडच्या चांदे गावचा एक पोरगा, काटक, सापासारखा वळणारा.

मी पुण्याहून नियमांची पुस्तिका आणली आणि मुलांना वाचून दाखवली. तीत कुठंही लिहिलेलं नव्हतं की खेळाडूनं आपण होऊन बाद सांगावं. निर्णय पंचाचा. हे मी त्याला दोनदा समजावलं.

"पर लागल्यालं आपल्याला कळतंय न्हवं?"

"कळू दे. तू बोलायचं नाहीस."

"आनि पंचाला न्हाई दिसलं तर?"

"तर तू बाद नाहीस."

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं असावं.

सामन्याला माझ्याबरोबर कॉलेजातले दोन मित्र आले होते. मीच हौसेनं आणले होते, आमच्या गावचा खेळाडू बघा म्हणून. त्या दिवशी मी त्यांच्याशी अगदी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत होतो. शेवटचा सामना चांद्याशी पडला. पहिल्या अर्ध्यात त्यानं तीनदा हात वर केला. "लागला, गड्या." तिन्ही वेळा पंचांना काहीच दिसलं नव्हतं. तिसऱ्या वेळी पंचही हसले, लोक हसले आणि माझा एक मित्र म्हणाला, "अरे, हा तुमचा धर्मराज स्वतःच स्वतःला हरवणार!" दुसरा म्हणाला, "तुमच्याकडे सगळेच असे का?"

त्या प्रश्नानं माझे कान तापले. मित्रानं ते चेष्टेनं विचारलं होतं. वाईट हेतू नव्हता. हेतू माझाच वाईट होता.

विश्रांतीत तो गूळ खात बसला होता. मी त्याला बाजूला ओढलं. जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण दुसरी काही शिक्षा मला सुचत नाही. मी म्हणालो, "गावाची अब्रू घालवायला आलायस का? आपल्याला अक्कल नसली तर ज्याला आहे त्याचं ऐकावं."

त्यानं हातातला गूळ परत कागदात गुंडाळला. "बरं, मास्तर," म्हणाला.

दुसऱ्या अर्ध्यात त्याचा हात वर गेला नाही. लागलाच नसेल, कोण जाणे. शेवटची मिनिटं राहिली तेव्हा आम्ही थोडे पुढं होतो, पण आमच्या बाजूला तो एकटाच उरला होता. तो बाद झाला असता तर सगळा संघ बाद म्हणून आमच्यावर लोण बसलं असतं, त्याचे जादा गुण त्यांना मिळाले असते आणि सामना गेला असता. चांद्याचा तो पोरगा चढाईला आला. दोघं कोपऱ्यात भिडले, धूळ उडाली, पोरगा वळला आणि रेघ ओलांडून ओरडला, "टाचंला शिवलो! टाचंला!"

पंच धुळीच्या दुसऱ्या बाजूला होते. त्यांनी शिट्टी वाजवली, पण हात कुठंच दाखवला नाही.  मग पंच त्याच्यापाशी गेले आणि साध्या आवाजात म्हणाले, "मघापासून बघतोय मी तुला. तूच सांग बाळ, लागला का?"

हे पुस्तिकेत नव्हतं. ज्या तीन वेळा आम्ही त्याला हसलो, त्याच तीन वेळांमुळं त्या माणसानं सगळा निकाल त्याच्या हातात दिला होता.

त्यानं पंचांकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

मी मान हलवली. फार नाही. डावीकडून उजवीकडं, एकदाच.

"न्हाई," तो म्हणाला.

पंचांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि निकाल दिला. आम्ही जिंकलो. माझ्या मित्रांनी टोप्या उडवल्या. मीही ओरडत होतो. त्याला उचलायला पोरं धावली, तर तो खाली वाकून टाच चोळत बसला होता. मला वाटलं, मुरगळली.

आठ दिवसांनी त्याच्या निवडीचं कार्ड आलं. ते घेऊन मी स्वतः वाडी चढून गेलो. तो म्हशीपुढं पेंढा टाकत होता. मी कार्ड मोठ्यानं वाचलं. त्यानं पेंढा टाकून संपवला, हात झटकले.

"चांद्याला जाऊन आलो मी," तो म्हणाला.

"चालत?"

"मग काय उडत? त्या पोराला सांगितलं, लागला हुता म्हनून."

"काय म्हणाला?"

"म्हनला, मी बी बोललो हुतो. पर पंचानं माजं न्हाई इचारलं, तुजं इचारलं."

मी म्हणालो, आता काही होत नाही, निकाल लागला. ही संधी सोडू नकोस. आणखीही पुष्कळ बोललो. मला बोलता येतं.

"ह्ये कारड त्याच्या नावाचं करता येतंय का बगा, मास्तर."

"तसं नसतं करता येत."

"मग ऱ्हाऊ द्या."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. उलट त्यानं मला ताक दिलं आणि उतरणीला दगड निसटतात, जपून जावा, असं सांगितलं. एका शब्दानंही मला दोष दिला नाही. तो गेला नाही. चांद्याच्या पोराचीही निवड झाली नाही; आमच्या भागातून त्या वर्षी कुणीच गेलं नाही. तो पुन्हा खाचरातही उतरला नाही. विचारलं की म्हणायचा, "टाच दुखती."

गेल्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. पोरांनी मला पंच केलं. आता आमच्याकडंही पंच असतो, शिट्टी असते, पुस्तिका तर मीच दिलेली. खेळ रंगात आला होता. एवढ्यात बांधावरून तो येताना दिसला, खांद्यावर कावड. तोंडात हुतुतू नव्हतं. पूर्वी त्याचा आवाज आधी यायचा आणि मग तो. आता नुसत्या किटल्यांच्या कड्या वाजत होत्या.

तो थांबला. खाचरात एक पोरगा चढाई करून परतला होता. कोपऱ्यातल्या मुलाला त्याचा हात लागला की नाही, मला दिसलं नाही. मुलानं माझ्याकडं पाहिलं आणि तो तसाच उभा राहिला.

बांधावर त्याचा कावडीवरचा हात सुटला आणि वर गेला, खांद्यापर्यंत. कावड एका अंगाला कलली, किटलीतलं थोडं दूध बांधावर सांडलं. त्यानं चटकन हात खाली घेऊन कावड सावरली. माझ्याकडं पाहिलंही नाही. तो पौडच्या वाटेला लागला.

पोरं ओरडत होती, "बाद का न्हाई? सांगा की!" मी शिट्टी तोंडात धरून उभा होतो.