निसटलेला ग्लव्ह

मुलींच्या आंतरतालुका बेसबॉलची अंतिम लढत डिचोलीला होती. मी पेडण्याच्या शाळेत खेळाची शिक्षिका. शेवटचा डाव चालू होता, आमच्या संघाकडे एका धावेची आघाडी होती आणि समोरच्या दोन मुली बेसवर होत्या. चेंडू डावीकडे उंच आला. तिथे माझी पार्से गावची विद्यार्थिनी होती. तिने धावत जाऊन उडी मारली, हात ताणला, आणि ग्लव्ह हातातून निसटून चेंडूला लागला.

शाळेचे ग्लव्ह सगळे मोठ्या माणसांच्या मापाचे. तिच्या हातात तो ढिलाच बसायचा. सामन्याआधी पंचांनी स्वतः तो हातात घेऊन पाहिला होता आणि ‘चालेल’ म्हटलं होतं.

आता त्याच पंचांनी तीन बोटं वर केली. दंड म्हणून समोरच्या सगळ्यांना तीन-तीन बेस पुढे. बेसवरच्या दोन्ही मुली होम बेसला पोचल्या, दोन धावा झाल्या. आम्ही हरलो.

मी मैदानात गेले. “सर, ग्लव्ह मुद्दाम फेकला तरच दंड आहे. निसटला तर नाही.”

“तिच्या मनात काय होतं ते मला कसं कळणार?”

“ते ठरवायलाच तर तुम्हांला उभं केलंय.”

बेसवरचा दुसरा पंच तिच्या जास्त जवळ होता. त्याला विचारायचीही त्यांना गरज वाटली नाही. आयोजकांपैकी एक गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, “टीचर, मुलींची मॅच ती. इतकं कित्याक ताणतात?” माझं डोकं फिरलं. मुलग्यांच्या सामन्यात एका आउटवरून झालेलं भांडण याच गृहस्थांनी सगळ्यांचं ऐकून घेऊन मिटवलं होतं.

मुलगी माझ्यापाशी आली. “टीचर, मी फेकूक नाय.”

“ठाऊक आहे मला.”

पुढे फोंड्याला पंचांचं शिबिर झालं. तिथे प्रशिक्षकांना मी हाच प्रसंग विचारला. ते म्हणाले, “दंड नाही. हेतू दिसला पाहिजे.” आमच्या सामन्याचे ते पंच पहिल्याच रांगेत मान डोलवत होते. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं.

“मग डिचोलीचा निकाल?”

“तो लागला ना आता,” म्हणत त्यांनी बशीतला पाव उचलला.

शाळेत मी त्या मुलीला सांगितलं, नियम तुझ्या बाजूने होता.

“मग कप आमका गावतलो?”

कप मिळणार नाही, म्हटलं. ते सांगताना मला त्या पंचांचा जितका संताप आला, तितका मैदानावरही आला नव्हता.