झुल्यावर न बोलायचं वाक्य

भरघोस मिशांचा, आजोबा व्हायच्या वयाचा गडी, पण झाडून सगळे रंगारी त्याला खारूताई म्हणायचे. उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती झुल्यावर उभं राहून रंगवायच्या, हा त्याचा धंदा. झुला म्हणजे काय, तर गच्चीवरून दोन दोरांनी सोडलेली फळी. तिच्यावर दोन माणसं, रंगाचे डबे, आणि खाली नुसती हवा. खारूताई तिथे अंगणात फिरावं तसा फिरायचा. एकदा पार वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडून थट्टेनं विचारलं, "चहा घेणार का?" हा भिंतीवरची नजर न काढता म्हणाला, "साखर कमी." बाईंना चहा करावाच लागला.

असा हा माणूस, आणि अलीकडे त्याला वर गेलं की गरगरायचं. भिंत आपल्या अंगावर येतेय असं वाटायचं. मग तो खाली वाकून लांबी लावायचा पत्रा शोधल्यासारखं करायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. जोडीदार विचारायचा, "काय रे, झोपलास का?" "रंगाचा वास चढला," खारूताई थाप मारायचा. खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी त्याला झुल्यावरून उतरवलं असतं. मुलाचं दुकान बसलेलं, सुनेचा शाळेतला पगार तुटपुंजा. घर अर्धं खारूताईच्या हातावर उभं होतं.

सुटकेची वाट एकच होती. कंपनीला सुरक्षेचा मुकादम हवा होता. पगार तोच, पण पाय जमिनीवर. फक्त तोंडी परीक्षा इंग्रजीतून, कारण सुरक्षेचे सगळे नियम इंग्रजीत, आणि जो तो नियम 'इफ'नं सुरू होणारा.

सून शाळेत इंग्रजीच शिकवायची. संध्याकाळी ती कांदा चिरायची आणि सासरा समोर पाटावर बसायचा.

"बाबा, वारा वाढला तर आम्ही खाली येऊ. म्हणा इंग्रजीत."

"इफ द विंड विल राइज, वी विल कम डाउन."

"पहिला विल काढा. इफच्या बाजूला राइजेस. विल फक्त दुसऱ्या बाजूला."

"वारा पुढे वाढायचाय ना? मग विल का नाही?"

"आपण तरी काय म्हणतो? 'वाढला तर'. अजून पान हलत नाही आणि आपण 'वाढला' म्हणून मोकळे. तसं त्यांचं."

खारूताई खूश झाला. म्हणजे इंग्रज पण आपल्यासारखाच आडमुठा. हा प्रकार त्यानं चार दिवसांत घोटून पाठ केला. मग 'मी पक्षी असतो तर' आलं. त्यावर तो म्हणाला, "सूनबाई, पक्षी असतो तर झुल्यावर कमरेला पट्टा कशाला बांधला असता?" सून इतकी हसली की डोळ्यांत पाणी यायला कांद्याचं निमित्त लागलं नाही.

अडलं ते शेवटच्या प्रकाराशी. जे घडलंच नाही, ते घडलं असतं तर काय झालं असतं. सुनेनं सहज उदाहरण दिलं, "दोर तुटला असता, तर तो पडला असता."

खारूताई पाटावरून उठलाच. "हे नको बोलूस, पोरी."

झुलेवाल्यांत तशी रीतच होती. दोर आणि तुटणं ही जोडी तोंडातून काढायची नाही. जुना दोर टाकून द्यायचा असला तरी म्हणायचं, दोर दमला. नवख्याच्या तोंडून चुकून गेलं तर त्या दिवशी कुणी वर चढायचं नाही. सुनेनं समजावलं, "अहो बाबा, हे वाक्यच मुळी न घडलेल्याचं आहे." त्याला ते पटलं. इंग्रजीत म्हटलं तर कुठे लागतंय, असं स्वतःला बजावत त्यानं ते न्हाणीघरात दार लावून दहादा म्हणून पाहिलं. जमलं.

परीक्षेच्या दिवशी साहेब बसले होते खिडकीला पाठ करून. माणूस चांगला होता, घाई न करणारा. वाऱ्याचं, पट्ट्याचं, ओल्या फळीचं, सगळं खारूताईनं धडाधड सांगितलं. साहेब मान डोलवत म्हणाले, "शेवटचं. दोर तपासला होता म्हणून तुटला नाही. हेच इफनं सुरू करून इंग्रजीत सांगा."

उत्तर जिभेवर होतं. आणि साहेबांच्या खांद्यावरून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. भिंतीवर झुला, झुल्यावर जोडीदार. शेजारी बदली रंगारी, आणि जोडीदार त्याला हातवारे करून काहीतरी सांगत होता.

खारूताईनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. ते दोघं उतरेपर्यंत थांबा, असं म्हणावं, तर त्याचं कारण सांगायचं कसं?

"इफ द रोप..." तो म्हणाला. साहेब वाट पाहत होते. "इफ द रोप हॅड बीन टायर्ड..."

साहेबांना हसू आलं. "दोर दमतो होय? पुन्हा सांगा."

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तर तो नुसताच खिडकीकडे बघत राहिला. साहेबांनी मागे वळून पाहिलं, त्यांना दिसला तो रोजचाच झुला. "नियम नीट सांगता आला नाही तर मुकादम कसं करणार तुम्हाला?" ते म्हणाले, आणि त्यात चूक काहीच नव्हती.

घरी त्यानं सुनेला 'बघू, कळवतील' एवढंच सांगितलं आणि ताट अर्धं ठेवून उठला.

सकाळी गच्चीवर जोडीदारानं पट्टा पुढे केला. "मुकादमसाहेब, आजचा दिवस तरी आमच्यात या." खारूताईनं पट्टा कमरेला लावला, कठड्यापाशी गेला, आणि झुल्यात पाय टाकायच्या आधीच थांबला. याच फळीवर दुसऱ्याचाही जीव असतो.

"मला वर गरगरतं," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले."

जोडीदार म्हणाला, "म्हणजे वास चढत नव्हता तर. लबाडा, माझ्याशेजारी उभा राहून?"

"घर चालायचं कसं, सांग."

"ते मला काय ठाऊक?" जोडीदार चिडून म्हणाला, पण पट्ट्याची कडी त्यानं स्वतःच्या हातानं सोडवली. "खाली जा. खालचा दोर धर."

झुला डोलू नये म्हणून जमिनीवरून दोर धरायचा, हे नवशिक्यांचं काम. पगार निम्मा. खारूताई जिना उतरून खाली आला, तळहातांना माती चोळली आणि दोराला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला. निम्म्या पगाराचं घरी काय सांगायचं, ते त्याला सुचत नव्हतं.

वरून जोडीदार ओरडला, "ढील दे, खारूताई."

त्यानं ढील दिली.