चढाच्या माथ्यावरची शेगडी

या ग्रुपवर ज्यांना सकाळी ठेवलेला चष्मा संध्याकाळपर्यंत सापडत नाही, त्यांना मी मागच्या दिवाळीत सांगितलेली मंगोड्यांची, म्हणजे मुगाच्या भज्यांची, गोष्ट काय आठवणार... म्हणून पुन्हा सांगते. मी बोलून राहिले, नात टाइप करून राहिली. मला अक्षरओळख नाही, तेव्हा चुका सगळ्या तिच्या.

परवा ही नात कॉलेजातून एक मोठा नकाशा घेऊन आली. रस्ता कुठे वळतो, कुठे चढतो, त्यावरून माणूस कुठे थांबतो आणि कुठे खरेदी करतो, हे म्हणे आता पुस्तकातून शिकवतात. मी म्हटलं, अच्छा... याची परीक्षा तर मी एकाहत्तर साली देऊन बसले आहे.

लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या फॅक्टऱ्यांत नुसता ओव्हरटाइम, आणि नेमके तेव्हाच हिचे आजोबा टायफॉइडनं आडवे झाले. अधारतालच्या दोन खोल्यांत आम्ही, भासरे, जाऊबाई आणि सगळी मिळून पाच पोरं, आणि पगार आता एकच.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. तेही हिच्या आजोबांच्याच फॅक्टरीत होते. त्यांनी माझ्या वडिलांना पोस्टकार्ड लिहून देवाच्या फोटोमागे ठेवलं... मुलीला आणि नातवंडांना वरुडला घेऊन जा. मला हे जाऊबाईनं सांगितलं.

आजारी माणसाला इथे टाकून मी काहून जाऊ? पण तेव्हा भासऱ्यांशी बोलायचं नाही, त्यांच्यासमोर पदर हनुवटीपर्यंत. एकाच खोलीत आम्ही दोघं आणि मधे जाऊबाई, टेलिफोनसारखी.

"त्यांना सांगा, मी मंगोडे विकते."

"तिला सांग, रविवारपर्यंत पाहू. नाही जमलं तर कार्ड टपालाच्या डब्यात पडेल. आणि फाटकासमोर बस म्हणावं, हजार माणसं निघतात तिथून."

हजार निघायची, खरं आहे. पाचचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा सुटायचा. पण पुढे लांबलचक उतार... दिवसभर कोंडलेला माणूस उतारावर ब्रेक लावतो होय? दोन दिवस मी मुगाचे मंगोडे तळले आणि दोन्ही दिवस ते घरच्या पोरांनी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी उरलेली टोपली डोक्यावर घेऊन मी त्या गर्दीमागे चालत निघाले. उतार संपला, पुलिया म्हणजे नाल्यावरचा छोटा पूल आला आणि पुढे चढ लागला. तिथे सगळे सायकलवरून उतरले. धापा टाकत सायकल ढकलत वर गेले, आणि माथ्यावरच्या कडुनिंबाखाली मागच्या सोबत्याची वाट पाहत उभे राहिले.

मला तिथेच उमजलं. सायकलवरच्या माणसाला फक्त पाय असतात. खाली उतरला की त्याला डोळे येतात, नाक येतं, भूक येते.

तिसऱ्या दिवशी शेगडी कडुनिंबाखाली नेली. तीही घराकडे जाणाऱ्या बाजूला, कारण थकलेला माणूस भज्यांसाठीसुद्धा रस्ता ओलांडत नाही. मिरच्या तळून वास चढाच्या खालपर्यंत पोचवला. सहा वाजायच्या आत टोपली रिकामी. चौथ्या दिवशी डाळ दुप्पट भिजवली, तीही संपली. घरी हे फक्त जाऊबाईला सांगितलं.

आता तुम्ही विचाराल, भासऱ्यांना मी फाटकाशी दिसत नाही हे कळलं कसं नाही? तर भावजय रस्त्यावर बसते याची त्यांना लाज वाटायची. ते मागच्या फाटकानं निघायचे. तिकडचा रस्ता जवळचा, म्हणून मी शेगडी पेटवायच्या आत ते रोज चढ ओलांडून पुढे जायचे... पण शनिवारी त्यांना उशीर झाला. आणि दोन्ही फाटकांचे रस्ते त्या एकाच चढाला मिळायचे.

सायकल ढकलत आले, मान खाली, छातीचा भाता चाललेला. कडुनिंबाला टेकून म्हणाले, "दीदी, जरा मंगोडे देना. गरम वाले."

मी पदर आणखी खाली ओढला आणि पानावर मंगोडे दिले. खाल्ले. आणखी मागितले. वर मलाच म्हणतात, "बढ़िया जगह बैठी हो दीदी. हमारे घर में एक है, उसको अक्कल नहीं, फाटक पे बैठती है."

पदरात हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. सहा वर्षं एका घरात, पण चेहरा कधी पाहिलाच नव्हता ना त्यांनी.

त्या रात्री जेवताना जाऊबाईला म्हणाले, "चढावर एक बाई बसते. तिला विचारून ये, जागा कशी निवडली ते. हिला सांगू." जाऊबाईला मी सगळं सांगितलेलं होतं. त्या म्हणाल्या, "अहो, तिथे कशाला जायचं? ती तुमची भाकरी थापून राहिली."

भासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग उठून फोटोमागचं कार्ड काढलं आणि जाऊबाईच्या हातात दिलं. "उद्या शेगडी पेटवायला होईल तिला."

कार्डावरचं अक्षर कसं होतं मला ठाऊक नाही... पेटलं मात्र झकास. नवरा दोन महिन्यांनी कामावर गेला, मी त्या कडुनिंबाखाली अकरा वर्षं बसले. नातीच्या नकाशावर तो चढ नुसती एक रेघ आहे. मी तिला सांगितलं, चप्पल घाल, आधी चालून ये.

असो. नुसते अंगठे नका पाठवू, मुगाची डाळ पाठवा. सालाची हवी, पिवळी धुतलेली नको. आणि पुडीवर आपलं नाव लिहायची तसदी घेऊ नका, मला कुठे वाचता येतं... कोणाची ते तळल्यावर चवीनं ओळखीन.