टायपिस्ट भीमराज आणि भागूबाईची फाईल

नगरच्या कोर्टाच्या आवारात भीमराज साळव्यांना सगळे टायपिस्टकाका म्हणत. भिंतीला लागून त्यांचं टेबल होतं. चौतीस वर्षं त्यांनी तिथं प्रतिज्ञापत्रं, अर्ज आणि नोटिसा टाईप केल्या. आधी मशीनवर, आणि पुढं सगळ्यांनी संगणक घेतले तेव्हा संगणकावर. संगणक घेतला म्हणून त्यांना वेगळं काही शिकावं लागलं नाही. दुकानदारानं मराठीचा एक फॉन्ट टाकून दिला, त्यात कळांच्या जागा जुन्या मशीनसारख्याच होत्या. संगणक म्हणजे आवाज न करणारं मशीन, एवढीच त्यांची समजूत. ती कधी कुठं अडली नाही.

साठी उलटल्यावर ते कर्जत तालुक्यातल्या आपल्या वाडीवर परत आले. तिथं त्यांच्या घराला लागून भागूबाईचं घर. भागूबाईनं बाहत्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, पुढं ऊसतोडीला गेली, आणि स्वतः शाळेचं तोंड न पाहता मुलीला बारावीपर्यंत शिकवलं. भीमराज नगरला होते तेव्हा रविवारी वाडीवर यायचे. एका वर्षी त्यांनी जुना संगणक वाडीवर आणून ठेवला आणि भागूबाईला म्हणाले, "आक्का, तू बोल, मी टाईप करतो." ती बोलत गेली, हे बडवत गेले. वर्षभरात बासष्ट पानं झाली. एक प्रत छापली होती, तिला पुढं वाळवी लागली. संगणक जळाला, पण फाईल पेनड्राईव्हवर होती आणि पेनड्राईव्ह डब्यात.

गेल्या वर्षी भागूबाई गेली. तिची मुलगी भारती नगरच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला आहे. तिचा फोन आला. "जयभीम दादा. आईच्या पहिल्या पुण्यस्मरणाला तिचं सगळं सांगितलेलं छापून वाटायचं माझ्या मनात हाय. तुमच्याकडं हाय ना ते?"

"हाय की," भीमराज म्हणाले. "डब्यातच हाय."

कर्जतला बसस्टँडच्या मागं राजनंदिनीचं केंद्र आहे. दाखले, ऑनलाईन अर्ज, झेरॉक्स, सगळं तिथं होतं. पोरगी पुण्यात संगणकाचं शिकून आलेली, वय सव्वीस. भीमराजांनी भागूबाईची हकिकत सांगून पेनड्राईव्ह दिला, तिनं फाईल उघडली आणि पडदा त्यांच्याकडं वळवला.

पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. सगळी इंग्रजी अक्षरं, तीही कशीही पसरलेली. मधेच कंस, मधेच टिंब, मधेच अर्धविराम.

"ही माझी फाईल न्हाई," भीमराज म्हणाले.

"काका, यात ही एकच फाईल आहे. नाव ‘आक्का’."

"नाव माझंच हाय. पण मी इंग्रजीत एक ओळ टाईप केलेली न्हाई. व्हायरस बियरस असंल."

राजनंदिनी हसली नाही. तिनं हातातलं काम बाजूला ठेवून समजावलं. जुन्या संगणकाला मराठी साठवता येत नव्हती. तुम्ही कळ दाबली की तो आत इंग्रजी अक्षरच ठेवायचा. फॉन्ट फक्त त्या अक्षराच्या जागी मराठीचं चित्र दाखवायचा. तो फॉन्ट गेला, चित्रं गेली, खाली होतं ते उघडं पडलं.

भीमराज म्हणाले, "म्हंजे मी चौतीस वर्षं कोर्टात मराठी टाईप केलं, ते मराठी नव्हतंच?"

"कागदावर होतं. मशीनच्या आत नव्हतं."

"आन् आक्का बोलली ते?"

राजनंदिनी जुने फॉन्ट शोधू लागली. तीन टाकून पाहिले. एकात निम्मी अक्षरं बरोबर आली आणि निम्मी भलतीच. दुसऱ्यात काना आला तर मात्रा गायब. त्या काळी दुकानदारानं कुठला फॉन्ट दिला होता ते भीमराजांना आठवेना, आणि ते दुकान कधीच उठून गेलं होतं.

तेवढ्यात तिचं लक्ष भीमराजांच्या हाताकडं गेलं. ते पडद्याकडं पाहत होते आणि त्यांची बोटं काउंटरच्या काचेवर हलत होती. ओठ पुटपुटत होते: "आय... के... टिंब... के... एच." बोटं थांबली. "पाणी," ते म्हणाले.

"काय?"

"पहिला शब्द. पाणी हाय तो." त्यांनी पुन्हा काचेवर बोटं मारली. "आय म्हंजे प, के म्हंजे काना. टिंब आन् के मिळून ण. एच म्हंजे दुसरी वेलांटी. पाणी. पुढं ‘लई’. मग ‘लांब हुतं’. पाणी लई लांब हुतं. आक्का असंच सुरू झाली हुती."

डोळ्यांना ते वाचता येत नव्हतं, पण बोटांना येत होतं. याचं राजनंदिनीपेक्षा भीमराजांनाच जास्त नवल वाटलं. पण एक पान असं बोटांनी वाचायला पाऊण तास लागला. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. पुण्यस्मरण तीन आठवड्यांवर आलं होतं.

राजनंदिनी म्हणाली, "थांबा, एआयला विचारून बघू." तिनं फोनमधल्या ॲपला पहिल्या पानाचा फोटो दिला. श्वास घ्यायच्या आत उत्तर आलं, सुरेख मराठीत. तिनं मोठ्यानं वाचलं: "माझा जन्म एका गरीब पण कष्टाळू कुटुंबात झाला. लहानपणापासूनच मला संघर्षाची सवय होती."

"हे कोण बोलतंय?" भीमराजांनी विचारलं.

"भागूबाईच की."

"न्हाई. आक्का जन्मात ‘संघर्ष’ म्हणाली न्हाई. आन् पाणी कुठं गेलं?"

तिनं पुन्हा शोधलं. पाणी कुठंच नव्हतं. यंत्रानं काही शब्द ओळखले होते आणि जिथं ओळखता आलं नव्हतं तिथं शोभेल असं काहीतरी घातलं होतं. तिनं ॲपला तसं सांगितलं, तर त्यानं लगेच माफी मागितली आणि दुसरंच काहीतरी तितकंच सुरेख लिहून दिलं.

"माफी मागतंय म्हंजे चूक कळली ना त्याला?"

"तसं नाही म्हणता येत, काका."

"मग माफी का मागतंय?"

राजनंदिनीनं फोन खाली ठेवला. "मलाही नीट सांगता येत नाही. आपण आपलंच करू. तुमच्या बोटांना जे माहीत आहे ते मला सगळं सांगा. मी छोटा प्रोग्राम लिहिते."

प्रोग्राम हा शब्द भीमराजांनी टीव्हीच्या संदर्भात ऐकला होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते कर्जतला आले आणि दोघं बसले. ते सांगायचे, ती लिहायची. ई दिसलं की म ठेव. आर दिसलं की त. कंस आणि के एकत्र दिसले की ख. दुपारपर्यंत शंभरावर ओळी झाल्या. मधे कुणी उत्पन्नाच्या दाखल्याला यायचं, कुणी झेरॉक्सला, तेवढ्यापुरतं काम थांबायचं.

"हाच प्रोग्राम?" भीमराज म्हणाले. "ही तर नुसती यादी हाय. असली यादी मीबी केली असती."

"तुम्हीच केली. मी फक्त त्याच्या भाषेत लिहिली. तो ती न कंटाळता बासष्ट पानांवर चालवणार."

"आन् त्याला कळणार काय, आक्का काय म्हणती ते?"

"एक अक्षर नाही."

ज्याला काही कळत नाही त्याच्या हातात आक्का द्यायची. आणि ज्याला कळल्यासारखं वाटतं त्यानं तिच्या तोंडी संघर्ष घातला. यातलं शहाणं कोण, भीमराजांना ठरवता येईना.

राजनंदिनीनं कळ दाबली. क्षणात पडद्यावर मराठी आली. दोघंही पुढं सरकले. पाणी होतं, लांब होतं. पण ‘दिस’ कुठं दिसत नव्हता. त्याच्या जागी ठिपक्यांच्या एका गोलाला वेलांटी लटकली होती आणि पुढं नुसतं ‘दस’. सगळ्या पहिल्या वेलांट्या अशाच सुट्या पडल्या होत्या.

"पहिली वेलांटी तुम्ही आधी दाबता का, अक्षराच्या?" तिनं विचारलं.

"आधीच. कागदावर ती आधी दिसती, म्हंजे आधीच दाबणार. शिकवलंच तसं."

"नव्या पद्धतीत ती नंतर असते. आधी द, मग वेलांटी. दाखवताना यंत्र ती आधी दाखवतं."

"असती नंतर, आन् दिसती आधी?"

"हो."

"मग खरी जागा कुठली?"

राजनंदिनीनं डोकं खाजवलं. "काका, बोलताना आपण आधी द म्हणतो आणि मग इ. त्या हिशोबानं नंतरचीच खरी. पण कागदाच्या हिशोबानं तुमची."

तिनं नियम घातला: पहिली वेलांटी दिसली की ती उचलून पुढच्या अक्षरामागं ठेव. वेलांट्या बसल्या. मग रफाराची पंचाईत झाली. खुद्द ‘कर्जत’च बिघडलं होतं. भीमराज क, ज आणि मग रफार असं दाबायचे. यंत्राला ज च्या आधी र हवा होता. वेलांटी मागं न्यायची आणि रफार पुढं आणायचा! भीमराजांनी कागदावर बाण काढून पाहिले, दोनदा खोडले आणि शेवटी राजनंदिनीकडं सोपवलं. "तू म्हनशील तसं. माझ्या डोक्यात आता कर्जतसुद्धा उलटं झालंय."

पाच दिवसांत फाईल उभी राहिली. ‘व्हय’ला व्हय, ‘न्हाई’ला न्हाई. भीमराजांनी सगळी पानं एका डोळ्यानं तपासली. जिथं शंका आली तिथं ते मूळ इंग्रजी अक्षरं बघून काचेवर बोटं मारत.

छापायच्या आधी भारती एका सुट्टीच्या दिवशी नगरहून आली. केंद्राच्या बाकावर बसून वाचू लागली. कुठं हसली, कुठं पदर डोळ्याला लावला. एकोणिसाव्या पानावर मात्र ती थांबली आणि तिथंच राहिली. त्या पानावर भागूबाईनं सांगितलं होतं:

"रस्त्याच्या कामावर हुतो. पोरगी नऊ म्हैन्याची. झाडाला झोळी बांधून ठिवली हुती. दोन दिस जुलाब झालं, तिसऱ्या दिशी गेली. वढ्याच्या कडंला पुरली. मंग आमी दोघी, मी आन् सासू, परत खडी फोडाया बसलो. ती रडली न्हाई."

"दादा," भारती म्हणाली, "ती म्हंजे कोण? आजी?"

"ती म्हंजे सासूच. तुझी आजी."

"आजी तर म्हातारी होईस्तोवर त्या पोरीचं नाव घेऊन रडायची. मी लहानपणी बघितलंय. आई कधी त्याबद्दल बोललीच न्हाई." तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "आईनं ‘मी रडली न्हाई’ असं तर म्हटलं नसंल? आमच्याकडं बाया ‘मी गेली, मी रडली’ असंच बोलतात."

भीमराजांनी मूळ फाईल उघडायला लावली. आर, एच. ‘ती’. त्यांनी कळफलक ओढून घेतला आणि बोट आर वर ठेवलं. डावीकडं अगदी लागून ई. ई आणि एच म्हणजे ‘मी’. बोट एका कळीएवढं सरकलं असतं तर सगळं वाक्य एका बाईवरून दुसऱ्या बाईवर गेलं असतं. भागूबाई भराभर बोलायची, हे मान वर न करता बडवायचे.

"चुकलो असंन का?" ते स्वतःलाच विचारत होते. "मिनिटाला चाळीसचा स्पीड हुता माझा. सहसा चुकायचो न्हाई. पण चुकतच नव्हतो असं कसं म्हनू?"

राजनंदिनीनं फोनवरच्या ॲपला तो उतारा देऊन विचारलं. त्यानं सांगितलं, इथं सासूच असणार, आणि कारणं दिली. तिनं प्रश्न जरा फिरवून विचारला, तर म्हणालं, इथं आईच असणार, आणि त्याचीही कारणं दिली. दोन्हीकडची कारणं पटण्यासारखी होती.

"याला आक्का ठाऊक न्हाई," भीमराज म्हणाले. "मला ठाऊक हुती, आन् मलाबी सांगता येत न्हाई."

भारती म्हणाली, "हाय तसंच छापा. आपण बदललं तर आपण आन् ते यंत्र सारखंच."

पुण्यस्मरणाला विहारात वाडीची आणि आसपासची साठ-सत्तर माणसं जमली. वंदना झाली. मग भारतीच्या सांगण्यावरून भीमराज उभे राहिले आणि चष्मा सारखा करत वाचू लागले. पाण्यापासून सुरुवात केली. बायका माना हलवत होत्या. कुणी मधेच "व्हय, असंच हुतं" म्हणायची. एकोणिसावं पान आलं. झोळी, जुलाब, ओढा. ते वाक्य आलं तेव्हा भीमराजांनी पानावर बघितलं. छापलेलं स्पष्ट होतं. त्यांनी पहिला शब्द सोडला आणि नुसतंच वाचलं, "रडली न्हाई."

कुणाला काही खटकलं नाही. फक्त पुढं बसलेल्या दगडाबाईनं, जी त्याच कामावर खडी फोडत होती, मोठ्यानं विचारलं, "कोन रं, भीमा?"

भीमराज तिच्याकडं वळले. "मावशी, तू हुतीस ना तिथं? तूच सांग."

दगडाबाई आठवू लागली. आठवता आठवता तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हुती तर," ती म्हणाली, "पन समद्यांच्याच तोंडाला धुळीचा फुफाटा लागला हुता. कोन रडतंय आन् कोन न्हाई, कुनाला दिसत हुतं?"

भीमराजांनी मान हलवली आणि पान उलटलं.